एका जुन्या साडीत एक चौघडी

गोधडी शिवायची ठरली की पहिली चूक दुकानात होते. छापील सुती कापडाचे दोन-दोन मीटर, मध्ये घालायला पॉलिएस्टरचा फायबर, व्हिडिओत दिसलेलं फिरतं कटर, त्याखाली ठेवायची हिरवी चटई. एवढ्यात हजार-दीड हजार सहज जातात आणि अजून एक टाका पडलेला नसतो. आपल्याकडची गोधडी या वाटेने कधी आलीच नाही. तिच्यात मध्ये घालायचा कापूस किंवा फायबर नसतो. जुन्या कापडाचे थर हीच तिची ऊब, आणि ते थर घरातच असतात. म्हणून थोडे पैसे असतील तर ते दोऱ्यावर आणि सुईवर घाला. कापडाला एक रुपयाही देऊ नका, निदान पहिल्या गोधडीला तरी नको.

पहिल्याच फटक्यात डबल बेडची गोधडी काढायला बसू नये. मोठी गोधडी अर्धवट पडून राहते आणि माळ्यावर जाते. बाळाची चौघडी काढा. नावातच माप आहे: दुपटं म्हणजे दोन पदरी, चौघडी म्हणजे चार पदरी. साधारण ९० बाय १०४ सेंटिमीटरची चौघडी एका सुती साडीत होते, रोज तासभर बसलं तर आठवड्यात उरकते, आणि मोठ्या गोधडीत जे जे चुकणार असतं ते सगळं इथे लहान प्रमाणात चुकून घेता येतं. घरात बाळ नसेल तर पायावर घ्यायला, झोपाळ्यावर टाकायला, गाडीत ठेवायला ती चालतेच.

आधी साडी. सुतीच हवी. सिंथेटिक साडीचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत आणि घट्ट विणीतून सुई काढताना बोटं दुखून येतात. लेबल गेलेलं असेल, कापड ओळखू येत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, मऊ करडी राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही होतं: राखही पडते, मणीही लागतो. असं कापड पाठीला, म्हणजे गोधडीच्या खालच्या बाजूला चालेल, पण पहिल्या खेपेला टाळलेलं बरं.

मग ती उजेडासमोर धरा. नेसून विरलेल्या साडीत ठरावीक जागा आधी जातात: टाचेखाली येणारं बूड, कमरेत खोचलेला निऱ्यांचा पट्टा आणि पदराला जिथे रोज पिन टोचली जाते तो कोपरा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून आडवं ओढून बघा. धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग आतल्या थरातही घेऊ नका. थोडं पातळ झालेलं पण न फाटणारं कापड आत, त्यातल्या त्यात दणकट कापड पाठीला. फॉल उसवून काढाच. फॉलखाली झाकलेला काठाचा पट्टा बहुधा साडीतला सगळ्यात धडधाकट भाग निघतो आणि रंगही तिथे मूळचा राहिलेला असतो. काठाला जरीची तार असेल तर तो काठ वेगळा काढा, ती अंगाला टोचते.

आता कापणी. साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा म्हणजे रुंदी ११२ सेंटिमीटरच्या आसपास. तुमची साडी मोजून घ्या, कारण पन्हा कमी-जास्त असतो. पाठीचा तुकडा ९८ सेंटिमीटर लांब आणि पूर्ण पन्ह्याचा, म्हणजे ९८ बाय ११२, दोन्ही काठ ठेवून. आतले तीन तुकडे ९० सेंटिमीटर लांब, आणि दोन्हीकडचे काठ काढून रुंदी १०४. एकूण ३६८ सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार मीटरच्या आत. उरलेलं पावणेदोन मीटर ही विरलेल्या भागांसाठीची सूट समजा. साडी चांगली असेल तर त्यातूनच वरची ठिगळं आणि बंद निघतात. कापताना कात्री चालवण्याआधी एक आडवा धागा ओढून काढा, त्याची रेघ दिसते, त्या रेघेवर कापा. डोळ्याच्या अंदाजाने कापलेलं कापड तिरकं जातं, आणि तिरक्या कापडाचा थर ताणला की लांबतो, बाकीचे लांबत नाहीत. मग गोधडी एका कोपऱ्याला वळते आणि धुऊन-वाळवूनही सरळ होत नाही.

कात्री नवी घेऊ नका. घरातली जुनी कात्री गल्लीतून फिरणाऱ्या धारवाल्याकडून लावून घ्या आणि त्यानंतर तिने कागद कापू नका. कागदाने धार मरते, हे खरं आहे.

कापण्याआधी धुणं मात्र चुकवू नये. जुनी साडी शंभरदा धुतलेली असते, ती आता आटणार नाही. घोळ होतो तो जुन्याबरोबर नवं जोडलं की. मांजरपाट किंवा कोरं कापड पाठीला घ्यायचं असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवा, खळ निघेपर्यंत चोळा, वाळवा, मग मोजा. कोरं कापड मीटरमागे काही सेंटिमीटर आत येतं. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात पाठ आटते, पुढची बाजू तेवढीच राहते आणि अख्ख्या गोधडीवर चुण्या पडतात. रंगाचंही तसंच. लाल, गडद निळा, काळा, जांभळा असा तुकडा असेल तर पांढरी चिंधी ओली करून त्यावर जोरात घासा. चिंधीवर रंग आला तर तो तुकडा दोन-तीनदा वेगळा धुवा. तरीही येत असेल तर बाद करा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात. आजकालच्या बहुतेक रंगांवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

दोऱ्याचा नियम एकच आहे: दोरा कापडापेक्षा किंचित कमजोर असावा. पॉलिएस्टरचा दोरा स्वस्त, चकचकीत आणि तुटत नाही म्हणून घेतला जातो. पण जुन्या मऊ सुतात तो सुरीसारखा चालतो. ओढ बसली की दोरा शाबूत राहतो आणि कापड चिरतं. सुती दोरा असेल तर टाका तुटतो, आणि तुटलेला टाका दोन मिनिटांत पुन्हा घालता येतो. गादीवाल्यांचा दोरा चौघडीला फार जाड होतो. चार-सहा पदरी पिळाचा सुती दोरा मागा. तो नाही मिळाला तर शिलाई मशीनचा सुती दोरा दुहेरी करून घ्या. भरतकामाच्या लडीने सुरुवात करणारे बरेच असतात. एका लडीत साधारण आठ मीटर दोरा. या चौघडीला पासष्ट मीटर लागतो, म्हणजे आठ-नऊ लड्या. कसा, ते पुढे येतंच. रंग सुंदर असतात, पण कोनवर किंवा रिळावर तोच दोरा बराच स्वस्त पडतो.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या, पण दाभण नको. दाभणाने मोठी भोकं पडतात आणि धुतल्यावर तिथूनच कापड फाटायला लागतं. एका सुईवर भागत नाही, सुई वाकते आणि हरवते, म्हणून पाकीटच घ्या. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, हवंच. धातूचं बोटात ढिलं होत असेल तर आत चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. मेणाचा छोटा खडा असेल तर दोरा त्यावरून एकदा ओढून घ्या, गुंता निम्मा होतो. रेघ मारायला साबणाची झिजलेली वडी शिंप्याच्या खडूपेक्षा बरी, धुण्यात निघून जाते. हे सगळं नाशिकमध्ये भद्रकाली, दहीपूल, मेन रोडच्या पट्ट्यात एका फेरीत मिळतं आणि दोनशे रुपयांच्या आत बसायला हवं. दुकानदार 'क्विल्टिंग किट' दाखवू लागला तर नमस्कार करून निघा.

थर पसरायला जमीन लागते. फरशी पुसून कोरडी करा. खाली चादर घालायची नाही. घातली तर चादरही गोधडीला शिवली जाते, आणि ते कळतं शेवटच्या फेरीत उचलताना. फरशीच्या सांध्यांचा फायदा घ्या: पाठीच्या तुकड्याची एक कड सांध्याच्या रेघेवर ठेवली की काटकोन आयताच मिळतो. पाठ उलटी टाका, चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला धरून ठेवा, ताणू नका, फक्त सपाट करा. त्यावर आतले तीन थर एकेक करून, चारही बाजूंना चार-चार सेंटिमीटर पाठ बाहेर दिसेल असे. प्रत्येक थर मधून बाहेर तळहाताने सारवल्यासारखा करा. आता कर्ण मोजा. ९० बाय १०४ च्या आयताचे दोन्ही कर्ण १३७ ते १३८ सेंटिमीटर यायला हवेत. दोन कर्णांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर थर उचलून पुन्हा टाका. कंटाळा येतो, पण पुढे ते दुरुस्त होत नाही.

ठिगळं लावायची असतील तर ती आताच. गल्लीतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या शिंप्याकडे कात्रणांचं पोतं असतंच, लग्नसराईत आणि दिवाळीआधी तर भरून वाहतं. विचारलं तर बहुतेक जण देतात. मात्र त्यात सुती आणि अस्तराचं सिंथेटिक मिसळलेलं असतं, तेव्हा पेटवून बघायची चाचणी तिथेही करा. चौकोनच हवेत असं नाही. पण चौकोन घ्यायचे असतील तर १५ सेंटिमीटरच्या तयार चौकोनासाठी १७ सेंटिमीटरचा तुकडा कापा, एक-एक सेंटिमीटर चहूकडून आत दुमडायला. माप पुठ्ठ्याचं केलं तर वीस-पंचवीस तुकड्यांनंतर पुठ्ठ्याची कड झिजते आणि तुकडे लहान-मोठे व्हायला लागतात. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून माप करा: झिजत नाही आणि आरपार दिसत असल्यामुळे बुट्टी नेमकी मध्ये धरता येते. तुकडे आधी एकमेकांना शिवून अख्खा पट करायचा परदेशी रिवाज आहे. त्यात प्रत्येक सांध्याला दोन मिलिमीटरची चूक पाच सांध्यांत सेंटिमीटर होते. आपल्याकडे ठिगळ सरळ थरांवर ठेवून कडा दुमडून टाचतात. चूक तिथल्या तिथे जिरते. नवशिक्याला हेच सोपं.

आता कच्चे टाके. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. रंगीत, सहज दिसेल असा दोरा घ्या आणि मधून सुरुवात करून आधी उभी, मग आडवी अशी तीन-तीन इंची टाक्यांची रेघ टाका, दोन रेघांत बारा ते पंधरा सेंटिमीटर अंतर. जाळं तयार झालं की चारही थर एक होतात. टाचण्यांवर भागवू नका. टोचतात, निसटतात, आणि पावसाळ्यात चार दिवस राहिल्या तर गंजाचे डाग पाडतात, ते निघत नाहीत.

मग कड. पाठीचा बाहेर राहिलेला चार सेंटिमीटर पट्टा अर्धा आत दुमडायचा, म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि तसाच पुन्हा एकदा पुढच्या बाजूवर दुमडायचा. कच्ची कड आत गेली, गोट वेगळा लावायची गरज नाही. कोपऱ्यात आधी पाठीचं टोक आतल्या थरांच्या कोपऱ्याच्या लगत तिरकं दुमडा, जास्तीचं टोक कात्रीने उडवा, मग दोन्ही बाजू दुमडा. दोन तिरक्या रेघा एकमेकींना भिडतात. टोक उडवलं नाही तर कोपऱ्यात सात-आठ पदर जमतात आणि सुई तिथेच मोडते.

खरी गोधडी इथून पुढे. परदेशी पद्धतीत टाके मधून बाहेर जातात. गोधडीत कडेने सुरुवात करून आयतात आयत घालत आत जायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कडेकडून आतच येते. या पद्धतीत पहिल्या फेरीलाच कड पक्की होते. धोका एक: प्रत्येक फेरीला थोडं कापड पुढे ढकललं जातं आणि ते सगळं मध्ये जमून फुगा येतो. कच्च्या टाक्यांचं जाळं घातलं ते यासाठीच. ते शेवटपर्यंत काढायचं नाही, आणि दर फेरीला डाव्या हाताने कापड बाहेरच्या बाजूला सारत राहायचं, आत नव्हे.

धावदोराच घालायचा. टाका पाच-सहा मिलिमीटरचा, पाठीकडेही जवळजवळ तेवढाच. सुईवर एका दमात तीन-चार टाके भरा आणि मग ओढा. एकेक टाका ओढत बसलं तर वेळ दुप्पट जातो आणि रेघ वाकडी येते. ओढताना दोरा कापडावर टेकला की थांबायचं. आणखी अर्धा सेंटिमीटर ओढला की चुण्या. ओळ संपली की तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवा, दोरा सैल होऊन सारखा बसतो. शिवताना गोधडी मांडीवर ओढून घ्यायचा मोह होतो. मांडीवर ती गोलाई धरते आणि वरचा थर खालच्यापेक्षा लांब शिवला जातो. पाट किंवा बुटकं टेबल पुढे घ्या.

दोन ओळींत दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा किंचित कमी. ९० सेंटिमीटरच्या बाजूला दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर आत येत बावीस फेऱ्या होतात आणि मध्ये चौदा-पंधरा सेंटिमीटरची एक सरळ रेघ उरते, ती शेवटची. ओळींची एकूण लांबी काढायची सोपी रीत: क्षेत्रफळ भागिले अंतर. ९० गुणिले १०४ भागिले २, म्हणजे ४६८० सेंटिमीटर, सत्तेचाळीस मीटर. दोरा एका वेळी दीड हात, पाऊण मीटर घ्यायचा. त्याहून लांब घेतला की गुंततो आणि नेढ्यापाशी झिजून तुटतो. गाठ, शेवटचं टोक आणि थरांत वर-खाली जाणारा दोरा वजा करता त्यातून साधारण ५५ सेंटिमीटर ओळ निघते. म्हणजे पंचाऐंशी वेळा सुई ओवायची आणि पासष्ट मीटर दोरा. सुरुवातीला मीटरभर ओळीला सात-आठ मिनिटं धरा, सहा तासांच्या आत-बाहेर शिवण होते. अंतर एक सेंटिमीटर केलं तर दोरा आणि वेळ दोन्ही दुप्पट. गोधडी मात्र दणदणीत आणि दिसायलाही देखणी होते, खोटं कशाला बोला.

गाठ थरांच्या मध्ये लपवा: सुई ओळीपासून दोन सेंटिमीटर लांब खुपसून ओळीवर काढा आणि हलका झटका द्या, गाठ टपकन आत जाते. झटका जोरात दिला तर ती आरपार जाते. ठिगळाच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत एक ओळ जाईलच असं बघा. दोन सेंटिमीटरच्या फेऱ्यांत ठिगळाची कड अधेमधे सुटते आणि धुण्यात तिथे कान उभे राहतात. दर पाच फेऱ्यांनी पट्टी लावून चारही बाजूंचं अंतर मोजा. न मोजता गेलं की आयताची लंबगोल उशी होते. दुरुस्ती एका फेरीत करू नका, पुढच्या तीन-चार फेऱ्यांत वाटून घ्या, दिसत नाही. आणि मध्ये फुगा आलाच तर शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उसवा, फुग्याला छोटी चुणी घालून तिच्यावर एक ठिगळ बसवा. मधोमध ठिगळ असलेल्या गोधड्या खूप दिसतात, त्यातल्या सगळ्याच नक्षी म्हणून केलेल्या नसतात.

चौघडी जमली की मोठीचा हिशोब. पाच बाय सात फुटांची, म्हणजे १५० बाय २१० ची घ्या. साडी लांबीत न लावता आडवी लावा: १५५ सेंटिमीटरचे दोन तुकडे काठाला काठ जोडले की १५५ बाय २२० चा एक थर होतो. एका साडीतून असे तीन तुकडे निघतात, वर ८५ सेंटिमीटर उरतं. तीन साड्यांत नऊ तुकडे, म्हणजे चार थर आणि एक तुकडा जास्तीचा. घरात नऊवारी लुगडं असेल तर त्यातून पाच तुकडे. थरांचे जोड एकाखाली एक आणू नका, दोन-चार सेंटिमीटर मागे-पुढे सरकवा, नाहीतर मध्ये दोरीसारखा उंचवटा झोपणाऱ्याच्या पाठीला लागतो. दोरा सव्वादोनशे मीटर. नाशिक शहरात चार-पाच थर पुरतात. निफाडकडे, जिथे द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथे सहा-सात घाला. पण सातच्या पुढे हाताने सुई जात नाही आणि ओली गोधडी एकट्याला उचलत नाही.

धुताना साधं पाणी, कमी साबण. पहिलं धुणं एकटीचं. पिळू नका, घडी घालून दाबा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरा, एकाच दोरीवर मधोमध टाकली तर ओल्या वजनाने तिथले टाके तुटतात. पाठ उन्हाकडे. नवरात्राआधी गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, गोधड्यांची जी झुंबड उडते ती बघितली असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या उन्हात मोठी गोधडी दिवसभरात खडखडीत होते, जुलैत तीन दिवस ओली राहते आणि वास धरते. ठेवताना आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. बाळाच्या कापडांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांची वाफ तान्ह्यांना घातक असते. आणि अगदी तान्ह्या बाळाला चौघडी खाली अंथरायची, तोंडावर येईल अशी अंगावर टाकायची नाही. टिकल्या, मणी, बटणंही तिच्यावर नकोत.

कच्चे टाके पहिल्या धुण्याआधी काढायचे असतात. एखादा राहतोच, रंगीत दोरा असल्यामुळे वाळत घातल्यावर तो दिसतो.